टाटांच्या वहीतली नावे बाजू

9 ऑक्टोबर 2024 रोजी रतन टाटा गेले आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपासून गल्लीतल्या मंडळांच्या फलकांपर्यंत सगळीकडे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत उमटलं: उद्योगपती असावा तर असा. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत ही आपली रीत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्याच्या मागोमाग चालत आलेल्या सिद्धान्ताबद्दल. तो असा: टाटा हे घराणं नव्हेच, तो विश्वस्त निधी आहे, त्यांनी कमावलं ते देशाला देऊन टाकलं, म्हणून त्यांच्या धंद्याबद्दल प्रश्न विचारणं हा कृतघ्नपणा. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. दुसरं बरंचसं खरं आहे. तिसरं मात्र या दोघांतून कोणत्याही तर्काने निघत नाही. आणि नेमकं तेच आज सर्वांत जोरात बोललं जातं.

आधी घराण्याचं पाहू. समूहाचे संस्थापक जमशेटजी यांचे दोन मुलगे, दोराबजी आणि रतनजी. दोघांनाही मूलबाळ नव्हतं. रक्ताची सरळ रेषा 1932 साली दोराबजींबरोबर संपली. पण खुर्ची रिकामी राहिली नाही. दोराबजींच्या मागे आले जमशेटजींचे भाचे नौरोजी सकलातवाला. 1938 साली आले जे.आर.डी., म्हणजे जमशेटजींचे नात्यातले भाऊ रतनजी दादाभाई टाटा यांचे चिरंजीव. 1991 साली आले रतन टाटा. त्यांचे वडील नवल पारशी अनाथाश्रमात वाढत होते. धाकट्या रतनजींच्या पश्चात त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नात्यातल्याच या मुलाला दत्तक घेतलं. 2012 साली अध्यक्ष झालेले सायरस मिस्त्री हे रतन टाटांचे सावत्र भाऊ नोएल यांचे मेहुणे. नात्याच्या पूर्ण बाहेरचा माणूस टाटा सन्सच्या, म्हणजे समूहाच्या मुख्य कंपनीच्या, अध्यक्षपदी बसला तो 2017 साली, एन. चंद्रशेखरन यांच्या रूपाने. आणि रतन टाटा गेल्यावर दोन दिवसांत टाटा ट्रस्टांचं अध्यक्षपद गेलं ते याच नोएल यांच्याकडे. सातारा-कोल्हापूरच्या गाद्यांची दत्तकं शाळेत पाठ केलेल्या मराठी माणसाला यात घराणं दिसू नये, हे नवलच.

हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. दीडशे वर्षं, वारस नसताना, एवढा पसारा एका छत्राखाली ठेवणं हे कर्तृत्वच आहे. ते कसं साधलं हे सांगितलं की ट्रस्टांचाही खरा अर्थ कळतो. बाकीच्या उद्योगी घराण्यांत दर पिढीला वाटण्या होतात. चार भावांचे सोळा पुतणे होतात, समभागांचे तुकडे पडतात आणि प्रकरण कोर्टात जातं. टाटांकडे वाटणी मागायला वारसच नव्हते आणि जे होतं ते मृत्युपत्रांनी ट्रस्टांकडे गेलं. आज टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के समभाग ट्रस्टांकडे आहेत. त्यांचा लाभांश शिक्षण, आरोग्य, संशोधन यांवर खर्च होतो. पण समभागाला लाभांश असतो तसं मतही असतं. 1963 साली कंपनी कायदा दुरुस्त करून सरकारने ट्रस्टांकडच्या समभागांचा मताधिकार सरकारी पब्लिक ट्रस्टीकडे दिला, तो काय उगाच? धर्मादाय ट्रस्ट हे कंपन्यांवर ताबा ठेवण्याचंही साधन आहे, हे कायदा करणाऱ्यांना दिसत होतं. ती तरतूद 2000 सालच्या दुरुस्तीने गेली. 24 ऑक्टोबर 2016 रोजी मिस्त्रींना हटवलं तेव्हा ट्रस्टांच्या मताचं वजन साऱ्या देशाने पाहिलं आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायदेशीर ठरवला. ठीक आहे. पण देऊन टाकून मोकळं झालेल्याला कंपनीचा अध्यक्ष बदलता येत नाही. ज्याला बदलता येतो त्याने पैशाचं फळ दिलेलं असतं, झाड नव्हे.

आता भांडवलाचं. जमशेटजींचे वडील नसरवानजी यांच्या भागीदारीला 1868 च्या अॅबिसिनियावरच्या ब्रिटिश मोहिमेला रसद पुरवण्याचा मक्ता मिळाला आणि त्या नफ्याने बुडत्या फर्मला हात दिला. हाँगकाँगमध्ये 1887 साली अफूच्या व्यापारावर निर्बंध आणणाऱ्या विधेयकाला विरोध करणाऱ्या अर्जदारांत ससून या व्यापारी घराण्याबरोबर टाटांच्या फर्मचंही नाव होतं. यावर ठरलेलं उत्तर येतं: काळ तसा होता, अफू कायदेशीर होती. हे उत्तर मला मान्य आहे. मुंबईचे कितीतरी दानशूर शेठ अफूवरच मोठे झाले. पण मग ते उत्तर दोन्हीकडे लावायला हवं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1886 साली पेन्शन फंड सुरू झाला आणि 1895 साली अपघाताची भरपाई मिळू लागली, तेव्हा आपण म्हणतो, टाटा काळाच्या पुढे होते. चांगल्या कामाला काळाच्या पुढे आणि अडचणीच्या कामाला काळाबरोबर, असे दोन काटे एकाच दुकानात चालत नाहीत.

तरी अफूवर मी अडत नाही. तो विषय मराठी वाचकाला लांबचा आहे. जवळचा आहे तो मुळशीचा, आणि गंमत अशी की रतन टाटा गेल्यापासून टाटांवर जितकं मराठीत लिहिलं गेलं त्यात मुळशी जवळजवळ नाही.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी सह्याद्रीच्या पावसाची वीज द्यायची ही कल्पना जमशेटजींची. ती भव्य होती यात शंका नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1910 साली कंपनी निघाली, 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, मग आंध्रा खोऱ्याचं. तिसरी योजना नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधून पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवायचं आणि घाटाखाली भिऱ्याला वीज करायची, अशी होती. त्यासाठी 1919 साली टाटा पॉवर कंपनी निघाली. धरणात जाणार होता मुळशी पेटा: पन्नासेक गावं आणि आंबेमोहराची भातखाचरं. आंबेमोहर पिकवणाऱ्या मावळ्याला त्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे तसली जमीन मिळणार नव्हती, कारण तसली जमीन मोकळी कुठे पडलेलीच नव्हती.

गावांना हे कळलं कसं? नोटिशीने नव्हे. विचारल्या-सांगितल्याशिवाय शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली तेव्हा. आक्षेप घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर कंपनीच्या इंग्रज अभियंत्याने पिस्तूल रोखल्याची हकीकत या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. पुढे सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा लावून कंपनीसाठी जमीन घ्यायला सुरुवात केली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, पांडुरंग महादेव बापट यांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक माणसं धरणाच्या जागेवर गेली आणि कामावर बसली. काम थांबलं. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात, आणि घोषणा होती 'जान किंवा जमीन'. महात्मा गांधींनीही 'यंग इंडिया'त टाटांना आवाहन केलं. कंपनीने काही काळ काम थांबवण्याचं कबूल केलं, मग ते पुन्हा सुरू झालं. अटका झाल्या, बायका-पुरुष तुरुंगात गेले, धरण चढत राहिलं.

इथे मराठी वाचकाने थोडी मान खाली घालावी असा भाग आहे, आणि टाटांच्या टीकाकारांनीही तो लपवू नये. त्या जमिनींपैकी बरीचशी कागदोपत्री कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच. ती पुण्याच्या सावकार-जमीनदारांकडे होती. या मंडळींनी सुरुवातीला सत्याग्रहाला साथ दिली, ती पुष्कळशी दर वाढवून घेण्यासाठी. मोबदल्याचा आकडा मनाजोगता दिसू लागताच त्यांना धरण पटू लागलं. कुळांना मोबदल्यात जे मिळायचं ते नगण्य होतं, कारण कायद्याच्या लेखी जमीन त्यांची नव्हती. म्हणजे मावळ्याला एका बाजूने मुंबईची कंपनी, दुसऱ्या बाजूने इंग्रज सरकार आणि तिसऱ्या बाजूने पुण्याचा सावकार. मुळशीचा पराभव एकट्या टाटांनी केला नाही. पण म्हणून तो टाटांच्या खात्यावर चढतच नाही असंही नव्हे, कारण सावकाराशी सौदा करून कुळाला वगळायचं ही सोय कंपनीच्या फायद्याची होती आणि कंपनीने ती घेतली.

सत्याग्रह विझत चालला तेव्हा बापटांनी वाट बदलली. 1924 च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावरची गाडी अडवली, गोळी झाडली, स्वतः पकडले गेले आणि सात वर्षं तुरुंगात राहिले. 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता याच 1924 साली टाटांच्या घरात काय चाललं होतं ते बघा. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले होते आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगार भागवायला पैसे नव्हते. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात त्यांच्या पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा होता. तो 245 कॅरटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. ही गोष्ट खरी आहे आणि हृद्य आहे. ती घराण्याच्या प्रत्येक गौरवग्रंथात आहे, त्याच वर्षीची बापटांची गोष्ट मात्र बहुतेकांत नाही. आणि हिऱ्याची गोष्टही निम्मीच सांगितली जाते. कारखाना हिऱ्याने तगला खरा, पण उभा राहिला तो त्याच वर्षी मंजूर झालेल्या पोलाद संरक्षण कायद्याने: आयात पोलादावर जकात, देशी पोलादाला सरकारी अनुदान. जकातीचा बोजा देशातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने उचलला. तो उचलायला हवा होता असंच माझं मत आहे. पोलाद देशात व्हायलाच हवं होतं. मग निदान एवढं तरी म्हणा की देशाने टाटांना दिलं आणि टाटांनी देशाला दिलं. एकतर्फी ऋणाची भाषा कशासाठी?

हीच गल्लत परळच्या टाटा हॉस्पिटलबद्दल होते, आणि तिच्याबद्दल बोलताना माणसं सर्वांत जास्त चिडतात. मराठी घरांतल्या किती माणसांचे प्राण तिथे वाचलेत याचा हिशेब नाही. 'टाटात दाखवलं' हे आपल्या बोलीतलं वाक्यच झालंय. मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढल्या वर्षी दोराबजी गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने 1941 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं. पण 1957 साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ ते मुख्यतः करदात्याच्या पैशांवर चालतं. तिथे रात्री बाकावर झोपणारा नातेवाईक टाटांना दुवा देतो ते बरोबरच आहे. पण त्याने थोडी दुवा सरकारलाही द्यावी आणि थोडी स्वतःला, कारण काडेपेटीवर कर त्यानेही भरलेला असतो. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचंही तसंच. जमशेटजींनी तिच्यासाठी मुंबईतल्या इमारती दिल्या, म्हैसूर संस्थानाने 371 एकर जमीन दिली. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव राहिलं.

याउलट, टाटांच्या वहीतून जे गेलं त्याची आठवण कोण ठेवतं? 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्या दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. घराण्याच्या कीर्तीचा पाया ती गिरणी. पेन्शनचा तो नावाजलेला फंड तिचाच. 1977 च्या सुमारास ती तरुण रतन टाटांकडे सोपवली गेली. नवी यंत्रं घ्यायला त्यांनी मागितलेले 50 लाख रुपये त्यांच्याच समूहाने दिले नाहीत. 1986 साली टाटांनी गिरणीतून अंग काढून घेतलं, ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि 2002 साली बंद पडली. धंदा तोट्यात गेला की सोडावा लागतो, त्यात पाप नाही. पण नागपूरच्या गिरणी कामगाराला सरकारकडे सोपवून निघालेल्या उद्योगाला 'देणारा' हे एकच विशेषण कायमचं चिकटवून ठेवायचं, तर तो इतिहास राहत नाही, आरती होते.

या मांडणीवर जो सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो दानाचा नव्हेच. तो विजेचा आहे. मुंबईच्या गिरण्या, लोकल गाड्या, घरोघरचे दिवे सह्याद्रीच्या पाण्यावर चालले. मुळशी बुडाली नसती तर मुंबई अंधारात राहिली असती, मग लाखोंच्या सोयीसाठी हजारोंनी जागा सोडली तर बिघडलं काय? हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला भाबडं उत्तर देऊन चालणार नाही. वीज हवीच होती. पण मुळशीकरांचं भांडण विजेशी नव्हतं. आमच्या शेतात चर खणण्याआधी आम्हाला विचारणार की नाही, कसणाऱ्याला धनी मानणार की नाही, आणि पैसा नको, जमीन द्या असं आम्ही म्हटलं तर ऐकणार की नाही, हे त्यांचे प्रश्न होते. लाखोंची सोय एका जागी झाली आणि किंमत दुसऱ्या जागी, दुसऱ्यांनी दिली. किंमत देणाऱ्याला दर ठरवण्याचा अधिकार नव्हता. मुंबईत दिवा लागला म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत. ते मिटले नाहीत याचा पुरावा पुढच्या शतकात मिळाला.

2 जानेवारी 2006 रोजी ओडिशात कलिंगनगरला टाटा स्टीलच्या नियोजित कारखान्याच्या जागेवर भिंत बांधायला सुरुवात झाली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात 13 आदिवासी मेले, एक पोलीसही मेला. गोळ्या सरकारच्या पोलिसांनी झाडल्या, हे खरंच. त्याच वर्षी बंगालमध्ये सिंगूरला टाटा मोटर्सच्या नॅनो गाडीच्या कारखान्यासाठी 997 एकर जमीन घेतली गेली, तीही त्याच 1894 च्या कायद्याने. वाद पेटला. 2008 साली कारखाना गुजरातेत साणंदला गेला. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द करून जमीन परत करायला सांगितलं. 2023 साली लवादाने नुकसानीबद्दल टाटा मोटर्सला बंगालच्या महामंडळाकडून 765.78 कोटी रुपये मिळावेत असा निवाडा दिला. मुळशीच्या सत्याग्रहींना अशी दाद मागायला लवाद नव्हता. सिंगूरला जे झालं त्याचा मुख्य दोष तिथल्या सरकारचा होता, हे मी मानतो. पण 85 वर्षांच्या अंतराने, त्याच कायद्याने, शेतकऱ्याला न विचारता घेतलेल्या जमिनीवर उभं राहायला तोच उद्योगसमूह तयार होतो, तेव्हा मागच्या पिढ्यांनी काय शिकवलं हे विचारायला नको?

एक आक्षेप मी पटकन निकालात काढतो: दुसरे उद्योगपती बघा, त्यांच्यापेक्षा टाटा किती बरे. आहेत बरे. जमशेदपूरला आठ तासांचा दिवस 1912 साली आला, तो कायद्याने सक्तीचा होण्याच्या कितीतरी आधी. पण वर्गात पहिला आलेल्या मुलाचा पेपरही तपासावाच लागतो. आणि ही सगळी डाव्यांची पोटदुखी असं कुणी म्हणत असेल तर टाटांवर सर्वांत कडक बोलणारा माणूस घरातलाच होता, एवढं लक्षात घ्यावं. जमशेटजींचे दुसरे भाचे शापुरजी सकलातवाला हे घरच्या कामासाठीच इंग्लंडला गेले होते. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असलेले ते 1922 साली बॅटरसीमधून निवडून येऊन ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसले. एका भाच्याला घराण्याने अध्यक्ष केलं, दुसऱ्याने घराण्याच्या पद्धतीलाच आव्हान दिलं. घराण्याच्या इतिहासात दोघांनाही जागा आहे. आपल्याकडच्या गौरवलेखांत मात्र फक्त पहिल्याला मिळते.

टाटांनी केलेल्या दानातला एकही रुपया मी खोटा म्हणत नाही. जमेच्या बाजूला तो मांडावाच. पण जमाखर्चाला नावे बाजू असते, आणि ती कोरी ठेवून दिलेली वही कोणत्याही मुनिमाने स्वीकारली नसती. खुद्द टाटांच्या पेढीवरच्या मुनिमाने तर नाहीच. दान हे मुळशीचं उत्तर नाही. मुळशीच्या उत्तरात मुळशी असावी लागते: कोणाची जमीन गेली, किती मिळालं, कुळांना काय मिळालं, आणि कंपनी आज त्याबद्दल काय म्हणते.

म्हणून वाचकांना एकच विनंती. विनायकराव भुस्कुटे त्या लढ्यात होते आणि त्यांनी मुळशी सत्याग्रहाची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. पुणे विद्यापीठातले राजेंद्र व्होरा यांनी त्याच विषयावर संशोधन करून मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. ती काढून वाचा. आणि टाटांवरचा पुढचा गौरवग्रंथ काढणाऱ्या संपादकांनो, तुमच्या अनुक्रमणिकेत 1924 सालच्या हिऱ्याशेजारी 1924 सालच्या बापटांनाही जागा द्या.